रडूबाई आणि माझा आत्मविश्वास

३ मार्च
लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात आम्ही दोघंच. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर धीर द्यायचा, एवढंच काम. आज साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर दोघांतलं एक जण जाणार. घरी येताच बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, काळजी करून काय होणार आहे? बरोबर. संकल्प: उद्यापासून चिंता बंद, आत्मविश्वास चालू. त्यावरचे व्हिडिओ बघायला घेतले.

४ मार्च, सकाळी
बाथरूममध्ये आरशासमोर ताठ उभा राहून मोठ्याने म्हणालो, मी खंबीर आहे. मुलीने दार वाजवून विचारलं, बाबा, अजून किती वेळ खंबीर राहणार, मला शाळेला उशीर होतोय. घरातूनच असं खच्चीकरण होतं.

७ मार्च
दोघांतल्या दुसऱ्या म्हणजे पलीकडच्या टेबलावरच्या बाई. मी त्यांना रडूबाई म्हणतो. अर्थात मनात. बातमी कळल्यापासून डोळे पुसत फोन घेतात. आज तर लिफ्टमध्ये अडकलेला माणूसच त्यांना धीर देत होता! ही बाई काय टिकते? फार बरं वाटलं.

११ मार्च
साहेबांच्या केबिनसमोरून मुद्दाम शीळ घालत गेलो. साहेबांनी मान वर करून पाहिलं. नक्की पाहिलं. रात्री झोप लागत नाही, पण ते कॉफीमुळे.

१५ मार्च
मीटिंग. साहेबांनी विचारलं, पुढची भीती वाटते का? रडूबाईंनी लगेच रुमाल काढला. मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो, "सर, माझ्यासारख्याला कुठेही काम मिळेल." साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. बाजी मारली!

१६ मार्च
रडूबाईंना मोठ्या मनाने समजावलं, जगात नोकऱ्या काय कमी आहेत? त्या जास्तच रडल्या. काही लोकांचं भलं करायला जाऊच नये.

२८ मार्च
साहेबांनी बोलावलं. नेमका नवा शर्ट घातला होता. म्हणाले, "काम तुमचंच चांगलं आहे. पण त्या बाई कोलमडतील हो. तुम्ही नाही कोलमडणार. तुम्हाला तर कुठेही काम मिळेल." मी म्हणालो, नो प्रॉब्लेम सर. वर थँक्यू म्हणालो. थँक्यू कशाला म्हणालो?

२९ मार्च
नवा संकल्प: साहेबांसमोर रडायचं. सकाळी बायकोसमोर प्रॅक्टिस केली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत टिपूस नाही. तसाच केबिनमध्ये गेलो आणि ओठ थरथरवले. साहेब खो खो हसले. म्हणाले, अशा वेळीही बाईंची नक्कल सुचते तुम्हाला, मानलं बुवा.

३१ मार्च
शेवटचा दिवस. रडूबाईंनी माझी खुर्ची मागून घेतली. त्यांच्या खुर्चीपेक्षा मऊ आहे म्हणे. मी निघताना त्यांनी मला सांगितलं, काळजी करू नका. कोरड्या डोळ्यांनी.

घरी आलो. बायकोने नुसतं विचारलं, जेवायला वाढू का? आणि मी जो रडायला लागलो तो थांबेचना. मुलगी दारातून बघून परत गेली. बायको ताट हातात धरून उभी राहिली. शेवटी ताट खाली ठेवून म्हणाली, "इतकं चांगलं रडता येतं तुम्हाला, मग परवा साहेबांसमोर काय झालं होतं?"