सुर्वेबाईंच्या वर्गावरचा लाल शेरा

१४ जुलै, सोम.
मुख्याध्यापक होऊन महिना झाला. आज पहिलं पाठनिरीक्षण. वर्ग पहिली, सुर्वेबाई. मुलं गोल करून बसलेली, मध्ये वाळू भरलेली परात. बोटाने अक्षरं काढणं चाललेलं, आणि बांगडा मोठा की सौंदाळा यावर नुसता कल्ला. फळ्यावर एकच शब्द, 'मासा'. वह्या दप्तरात.
लॉगबुकात लाल शाईने शेरा: 'शिस्त नाही. लेखन वहीत नाही. सुधारणा करावी.' बाईंनी वाचलं, खाली 'वाचले' लिहून सही केली. सोळा वर्षं पहिलीच शिकवतायत म्हणे. असेल.

१६ जुलै, बुध.
परात कपाटात गेली. मुलं वहीत रेघा ओढतायत. वर्ग एकदम शांत. पाहिजे होतं तसंच झालं. मग मी चार वेळा दारातून डोकावलो कशाला?

१८ जुलै, शुक्र.
हिला शेऱ्याचं सांगितलं. म्हणाली, "वीस वर्षं सातवीला गणित शिकवलंत. पहिलीच्या पोराच्या हातात पेन्सिल दिलीत कधी?"
आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं.

२१ जुलै, सोम.
सुर्वेबाई प्रशिक्षणाला पालीला. पहिली माझ्याकडे. आयुष्यात प्रथमच.
सातवीच्या सवयीने फळा भरून टाकला. "लिहा." दहा मिनिटांत दोन पेन्सिली मोडल्या, एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून आणखी तिघं. मी आवाज चढवला. पुढे बसलेली सानिका शांतपणे म्हणाली, "गुरुजी, वराडताव कशाला? आमी हतंच हाव."
साडेअकरालाच घसा बसला. विचारलं, बाई काय करतात गो? "बाई आदी इचारतात, काय खाऊन आलास."
परात काढली. मांडी घातली, गुडघे कुरकुरले. भाकरी, चहा-बटर, कालचं कालवण... जो तो आपलं सांगतोय आणि वाळूत लिहितोय. कल्ला तोच, गेल्या सोमवारचा. फक्त या वेळी मी आत बसलो होतो.
उंटावरून शेळ्या हाकल्या मी. लाल शाईने.

२२ जुलै, मंगळ.
बाईंना ऑफिसात बोलावून सांगून टाकलं, "बाई, शेरा चुकला माझा."
बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. पहिली नको, चौथी द्या, असा माझ्याच नावे अर्ज. "सर, मला वाटलं, सोळा वर्षं माझंच चुकलं."
अर्ज दिला नाही. फाडलाही नाही. परत पर्समध्ये ठेवला.
तरी किती हायसं वाटलं म्हणून सांगू! घरी आल्यावर दोनदा आमटी मागून घेतली. ही नुसती हसली.

२४ जुलै, गुरु.
उद्या केंद्रप्रमुख तपासणीला येणार. लॉगबुकाची पानं क्रमांकाची, फाडता येत नाहीत. बरंच आहे. जुन्या शेऱ्याखाली लिहिलं: 'वरील शेरा मी पहिलीचा वर्ग कधीही न शिकवता लिहिला. तो मागे घेतो. परात वर्गात ठेवावी.' केंद्रप्रमुख हे वाचून काय म्हणतील, देव जाणे. मुख्याध्यापकाने असलं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.
बाईंचा अर्ज अजून पर्समध्येच आहे का, विचारायचं धाडस झालं नाही. त्याऐवजी म्हटलं, आज पाठ मी घेतो, तुम्ही मागे बसा. आणि शेरा लिहा.
"मी? सर, काहीतरीच."
"लिहा हो."
पाठ झाला. बाईंनी लाल पेन नको म्हटलं, स्वतःचं निळं काढलं. बराच वेळ लिहीत होत्या. मी शिपायासारखा उभा.
'मुलांना बोलू दिले. आवाज अजून कमी हवा. उत्तर येईपर्यंत थांबावे, स्वतः सांगू नये. पाठ पुन्हा पाहीन.'
पुन्हा पाहीन! दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, 'वाचले.' सही केली.