तिसऱ्या बाजारानंतर

२७ नोव्हेंबर १९६१
खालच्या फळीत, म्हणजे नाल्याकडच्या वस्तीत, सोमीबाई घर सारवत होती. नवं घर! मे महिन्यात सभा झाली. बंधारा झाला की पाणी कुठवर येणार, ते तालुक्याच्या साहेबांनी स्वतः काठीने रेघ ओढून दाखवलं. आणि या बाईने जूनमध्ये त्याच रेघेच्या आत घर उभं केलं. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, सगळं बेतशीर. म्हटलं, "बाई, हे सगळं बुडणार आहे." ती हसली. "ते तर सोडून दिलं ना सरकारनं?"
कोण म्हणालं सोडलं? तेही न विचारता तसाच परत आलो.

२८ नोव्हेंबर
दैव कसं पाहा – आजच वरून छापील कागद आला. "योजनेत लोकांचा विचार कितपत घेतला? उत्तम, मध्यम, असमाधानकारक." एकावर खूण करायची. ग्रामसेवकाने, म्हणजे मी!
मेची वही काढली. "सभा शाळेच्या ओट्यावर. हजर चौसष्ट. हरकत कोणाचीही नाही. एकमताने संमती." अक्षर माझंच, वळणदार. जागाही मीच ठरवली होती – ओट्यावर सावली होती म्हणून. चौसष्ट माणसं दीड तास गप्प बसून होती आणि मला ते फार शहाण्यासारखं वाटलं. गाढव मी!
रूपचंद शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, उत्तमवर खूण करा अन् मोकळा व्हा. तुम्हनी नोकरी कच्ची शे." खरंच, अजून कायम झालेलो नाही.

३० नोव्हेंबर
आमशा कारभाऱ्याकडे गेलो. गावात त्याचा शब्द शेवटचा. म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. वर न बघता बोलला.
"सभेत कोणी उत्तर देतं का? सभेत विचारायचं. आम्ही घरी जाऊन बोलतो, बायांशी पण बोलतो. तीन आठवडी बाजार होऊ देतो. मग गावदेवाजवळ बसतो. विचारणारा तिथं येतो, उत्तर घेऊन जातो. पोरगी मागायला आलेला पण तसाच येतो."
"मग?"
"मग काय! आम्ही बसलो. तू नाही आला. तुझा सायेब नाही आला. पुढच्या बाजारानंतर परत बसलो. कोणी नाही. पोरगी मागून जो परत येत नाही, त्यानं सोडून दिली. आम्ही समजलो, सरकारनं सोडलं."
मी इथे दोन वर्षं आहे. दोन वर्षं! ही साधी गोष्ट कोणाला विचारली नाही. ते गप्प म्हणून आम्ही होकार धरला, आम्ही गप्प म्हणून त्यांनी घरं बांधली.
"काय ठरलं होतं ते आता तरी सांग," म्हटलं. म्हातारा दोर वळतच राहिला. "खाटेवर बसून नाही सांगत. विचारलं तुझ्या सायेबानं. त्याला आण."
सांगायला हवंच कशाला? नाहीच म्हणणार. स्वतःचं घर बुडवायला हो कोण म्हणेल?

१ डिसेंबर
उत्तमवर खूण करायला टाक उचलला. ठेवून दिला.

३ डिसेंबर
सोमीबाई खोलीवर आली. टोपलीत नवा तांदूळ. "तू सरकारशी बोल ना. तू चांगला आहे." मी चांगला! दार लावलं आणि लहान पोरासारखा रडलो. तो तांदूळ शिजवायची हिंमत नाही.

५ डिसेंबर
"असमाधानकारक" वर खूण केली. खाली कारण लिहिलं, खरं खरं. साहेबांपुढे ठेवलं.
"हात दाखवून अवलक्षण! मेच्या संमतीवर तुमचीच सही आहे, कळतं का? विचारलं, नाही म्हणाले नाहीत. आणखी काय हवं होतं?"
पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. एकदा चला, गावदेवाजवळ बसा, त्यांचं ऐका! पाया तर परवापासून भरायचा ठरलेला. थांबवा म्हटलं. "सिमेंट येऊन पडलंय. थांबणार नाही." शेवटी वैतागून म्हणाले, चौदाला येतो, अर्धा तास. बाहेर रूपचंदने हळूच विचारलं, "गयेल कागद परत येस का, भाऊसाहेब?" गेलेला कागद कुठला परत येतो!

९ डिसेंबर
पाया भरताहेत. खोलीपर्यंत घमेल्यांचा आवाज येतो. कानात बोटं घालून बसलो. काही उपयोग नाही.

१२ डिसेंबर
जेवण जात नाही. साहेब नाही आले तर? आले आणि नकार ऐकून हसले तर?

१४ डिसेंबर
साहेब आले. बांधकामाचा ओव्हरसिअरही आला. गावदेवाजवळ सगळं गाव, बायासुद्धा. आमशा उठला. नकार ऐकायला मी मान खाली घातली.
"आमचं हो आहे," म्हातारा म्हणाला. "तेव्हाच हो होतं. पाणी आम्हाला पण पाहिजे. फक्त भिंत खालच्या फळीच्या वरच्या अंगाला घे, नाल्यात दोन खडक जवळ येतात तिथं. एक घर बुडत नाही."
ओव्हरसिअर जाऊन पाहून आला. साहेबांना म्हणाला, जागा आपल्या जागेपेक्षा चांगली आहे. भिंत निम्मी लागली असती.
पाया काल संध्याकाळी भरून झाला.