ताईच्या हृदयाचा तुकडा

४ मार्च
चि. ठमीस, ताईचे अनेक आशीर्वाद.
हृदयाला लावलेला तुझा पंप काढला, हृदय आता आपल्या बळावर चालतंय, हे तुझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. आनंद झाला असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. खरं म्हणजे अंगाचा तिळपापड झाला. एकाच आईच्या पोटच्या आपण, एकच आजार, पंपही एकाच वर्षी बसले. तू सुटलीस, आणि मी कमरेला पंपाच्या बॅटऱ्या टांगून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं घेतेय. लहानपणी शिक्षक तुझं ऐकायचे, आता हृदयही ऐकतं! असो. जिवाला जप.
तुझी ताई

१२ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
जळ हवी तेवढी, पण गोळ्या चुकवू नकोस. पंप बसवताना आणि काढताना माझ्या हृदयाचा कणभर स्नायू तपासायला घेतला होता. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, थकलेल्या हृदयात काही जनुकं झोपी जातात, काही भलत्याच वेळी जागतात. माझी बरीचशी ताळ्यावर आली. तुझी का नाही, हे शोधायला तुझं नवं हृदय बसेल तेव्हा जुन्यातला तुकडा त्यांना हवाय. तू म्हणे साफ नाही म्हणालीस?
तुझी धाकटी

२० मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
हो, नाहीच म्हणाले. तुझ्या पहिल्या नंबराशेजारी माझा नापासाचा निकाल मांडायचा, आणि वर तुझी पाठ थोपटायची? ते हृदय फेकून देईन, पण तुझ्या पंगतीला बसवणार नाही.
ताई

९ मे
ती. ताईस सा. न.
तुझी भाची जिना चढताना मधेच बसली. तपासलं. तिचंही हृदय फुगलंय गं. ते माझ्या वाटेनं जाईल की तुझ्या, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुला भरीस घालायला लिहीत नाही. रडायचं कुणापुढे, म्हणून लिहिलं.
धाकटी

३० जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
अक्षर वाकडं आहे, दवाखान्यात पडल्या पडल्या लिहितेय. नवं हृदय मात्र शहाण्यासारखं चाललंय. ऑपरेशनला आत नेण्यापूर्वी प्रयोगशाळेतल्या त्या बाईंना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, तुकडा पुरे. मी म्हटलं, अख्खं घ्या; धाकटीनं कणभर दिलं, मी का हात आखडू? उत्तर मिळेलच असं नाही, मिळालं तरी वेळ लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय.
पोरीला सुट्टीत माझ्याकडे पाठव. मला नीट चालता येईपर्यंत तिच्याच चालीनं, हळूहळू फिरू आम्ही दोघी. तू यायचं नाहीस. तू भराभर चालतेस.
माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई