जुईच्या नोकरीची बैठक

फणसवाडी, गुरुवार संध्याकाळ

ती. सौ. उर्मिलाताईस,

धाकट्या कमलाकांतचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? भावोजींचं पथ्य चालू आहे ना? (हे फोनवरही विचारलं असतं, पण फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, आणि आजची बातमी मला सगळीच्या सगळी सांगायची आहे.)

ताई, जिंकलो! आपल्या जुईला तुमच्या बंगळुरूतल्या एका कंपनीत डिझाइनची नोकरी लागली, आणि ती करणार आहे इथे, फणसवाडीत, घरी बसून! गेला आठवडाभर मी देव पाण्यात घालून बसलो होतो. तुझी भावजय अनुजा गेल्यापासून घरात आम्ही बाप-लेक दोघंच. पोरगी तिकडे गेली तर मी भांडू कोणाशी? भिंतीशी?

आता हे जमलं कसं ते ऐक. मुलाखत गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर झाली. पलीकडे कोणी ललिता मॅडम, बोलायला गोड पण देण्याघेण्यात पक्की बाई. मी त्या दिवशी सकाळीच जुईला बजावलं होतं की नोकरी आणि सोयरीक यांत काडीचा फरक नाही. (वाडीतल्या किती मुलींच्या बैठकांना मी बसलोय, तुला ठाऊकच आहे. दोन मोडल्या, त्यात माझा दोष नव्हता.) आपण तोंडाने कधी मागायचं नाही. आमची काहीच अपेक्षा नाही म्हणायचं, की समोरच्याला लाज वाटते आणि तो आपणहून देतो. झालं! मॅडमनी विचारलं, कुठून काम करायचंय, तुमची काही अपेक्षा? मी लॅपटॉपच्या मागून हातांनी खूण केली. जुई शहाण्या मुलीसारखी म्हणाली, काहीच नाही. आणि ती बाई म्हणते काय, तर वा, छान, मग एक तारखेपासून बंगळुरूच्या ऑफिसात या! अगं, "असं कसं, सांगा ना" असं एकदा तरी म्हणायची रीत असते की नाही?

मग मी गप्प बसतोय? घुसलो सरळ कॅमेऱ्यासमोर. माझं हिंदी तुला माहीत आहे. म्हटलं, मॅडम, लडकी एकही है, और हमारे यहाँ घरजमाई चलता है, तो कंपनीही हमारे घर आ जाए! जुईने कपाळाला हात लावला. मी थांबलो नाही. आधी कंपनी सोडून किती जण गेले, का गेले, मालक तापट आहे का, सगळं विचारून घेतलं. बाई आधी गोंधळली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वरच्यांशी बोलते म्हणाली. आणि आज दुपारी मेल! घरून काम मंजूर, तीन महिन्यांतून एकदा चार दिवस तिकडे. मी तडक ठाकूरद्वारला जाऊन पेढे आणले, वाडीभर वाटले. ऑफिसात असते तशी चाकांची खुर्ची आणली, ती जिन्यात अडकली, शेजारच्या हेरंबने मला शिव्या घालत वर चढवली. अनुजाचं शिलाई मशीन खिडकीपासून हलवलं, तिथे आता जुईचं ऑफिस. टीव्हीचा आवाज कमी ठेवा म्हणून मजल्यावर सगळ्यांना सांगूनही आलो.

तुझा विजयी भाऊ,
कमलाकांत

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. आज शुक्रवार. सकाळी चहा पिताना जुई म्हणाली, "पपा, रागावू नकोस, मी ऑफिसातच येते असं त्यांना कळवलंय." म्हटलं, अगं मग मुलाखतीत माझी खूण? तर म्हणे खूण तिने पाहिलीच नव्हती, तिला खरंच जायचं होतं. मग काल का नाही बोललीस? तर म्हणे, तू पेढे वाटत होतास. मग म्हटलं, जा बाळा, जायलाच हवं. (खरं सांगू? रडू आलं. सर्दी आहे म्हणून निभावलं.)

ता. क. २. तुझ्याकडे राहायला ती कबूल होणार नाही, मैत्रिणींबरोबर खोली बघतेय. तिच्या मागे लागू नकोस. फक्त रविवारी जेवायला बोलाव, बोंबील मिळाले तर तळ, आणि नीट जेवली का ते मला कळव. तिला विचारलं तर ती हो म्हणणारच.

ता. क. ३. मला तिकडे बोलावू नकोस. माझं इथे उत्तम चाललंय, मी येणार नाही. पण बोलावशीलच तर जुईसमोर बोलाव, आणि मी दोनदा नाही म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस.