हिरवीची चिठ्ठी

रौतासुओ, २१ ऑगस्ट

शर्यतीच्या गाड्या चालवून निवृत्त झालेल्या आणि त्यांच्या शेजारी बसून वही वाचलेल्या समस्त बंधूंनो, आपल्यावर अन्याय झालेला आहे. आपण थांबलो त्या दिवशी जग आपल्याला विसरलं. आता आपली आठवण दोनच प्रसंगी निघते, एक म्हणजे कुणाच्या टायरच्या दुकानाची फीत कापायची असते तेव्हा, आणि दुसरं म्हणजे आपल्यातलाच कुणी गेला आणि चार शब्द बोलायला माणूस हवा असतो तेव्हा.

(भावोजी, क्षमा करा. हे पत्र तुम्हाला एकट्यालाच आहे. हातात लेखणी आली की समोर सभा दिसते, ही माझी जुनी खोड तुम्हाला ठाऊक आहे. कागद महाग आहे म्हणून फाडत नाही.)

तीर्थस्वरूप व्होइत्तो भावोजींना तौनोचा नमस्कार. आउने आक्काला सांगा की तिने नाताळात पाठवलेले लोकरीचे मोजे मी ऑगस्टातही घालतो. तुमचा गुडघा कसा आहे? केमीची समुद्राची हवा गुडघ्याला बरी नाही असं मी तुम्ही तिकडे राहायला गेलात तेव्हाच म्हणालो होतो. माझी पाठ ठीक आहे. सौनाची चूल नवी बसवली. ती इतकी तापते की परवा शेजारचा पाद्री दोन मिनिटांत उठून बाहेर गेला, आणि एरवी तो नरकावर तासभर बोलतो.

आता मुद्दा. तुम्ही माझ्याशी अकरा वर्षं बोललेला नाहीत. खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नाही, कारण त्याआधीही गाडीबाहेर तुम्ही फारसं बोलत नव्हता. गाडीत मात्र एकोणीस वर्षं तुम्ही वहीतली पुढची वळणं वाचत बोललात आणि मी ऐकलं. पोर्तुगालच्या धुळीत, केनियाच्या चिखलात, दर वर्षी आपल्या घरच्या उड्यांच्या रस्त्यांवर. 'डावं पाच, शंभर, उंचवट्यावरून उडी, उजवं तीन.' पुढचा रस्ता मला दिसत नसे, तो मला तुमच्या आवाजात ऐकू येत असे. मी हे वर्तमानपत्रांना अनेकदा सांगितलं, पण ते छापताना माझंच नाव मोठ्या अक्षरांत छापत. आपली गाडी तळ्यात पडली तेव्हा, वाचताना तुम्ही दोन पानं एकदम उलटली होती असं मी रेडिओवर म्हणालो, ते काही तुमचा अपमान करायला नव्हे. माणसाच्या हातून पान उलटतं. मी तर तुम्हाला केव्हाच माफ केलेलं आहे, आणि तसं मी गावातल्या प्रत्येकाला सांगितलेलंही आहे.

पण आज लिहितोय ते हिरवीबद्दल. भावोजी, मन घट्ट करा. हिरवी गेली.

(मोडली नाही. तळ्यातून काढल्यावर मी तिचा खिळा न् खिळा सोडवून दोन हिवाळे बसून ती गाडी पुन्हा उभी केली होती. तुमच्या गोठ्यात आपण पहिल्यांदा बांधली होती तशीच. हिरवा रंगसुद्धा तोच, त्याच दुकानातून आणला, दुकानदार तेवढा बदलला.)

झालं असं. गेल्या रविवारी खडीच्या खाणीत आपल्या गावच्या सर्वसामान्यांच्या शर्यती होत्या, आणि उद्घाटनाला मला बोलावलं होतं. तुम्हाला माझं मत माहीत आहे. त्या शर्यतींचा नियम हा मानवजातीने केलेला सर्वात न्याय्य नियम आहे असं मी चाळीस वर्षं सांगत आलो आहे. शर्यत संपली की परवाना असलेला कुणीही माणूस चिठ्ठीवर तुमच्या गाडीचा क्रमांक लिहून पेटीत टाकतो, आणि ठरलेल्या किमतीला तुम्हाला ती गाडी विकावीच लागते. चिठ्ठ्या जास्त आल्या तर सोडत. नाही म्हणालात तर परवाना गेला. म्हणजे कुणा श्रीमंताने गाडीत सोनं ओतलं तरी संध्याकाळी ते सोनं शेजारच्याच्या अंगणात. राजेरजवाडे, क्रांत्या, कायदेमंडळं यांना जे दोन हजार वर्षांत जमलं नाही ते आपल्या खेड्यातल्या मेकॅनिकांनी एका पेटीत जमवलं. हे सगळं मी कर्ण्यावरून सांगितलं. आणि त्या भरात हेही सांगितलं की जो माणूस आपलीच विकली गेलेली गाडी पुन्हा चिठ्ठी टाकून परत घेतो, तो या नियमाच्या तोंडावर थुंकतो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचं वळण दिसत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

सॉसेजच्या रांगेत केर्त्तू व्हान्स्का उभी होती. ग्रंथालयाची फिरती गाडी चालवते तीच, तुम्ही इथून गेल्यानंतर आली. गेली आठ वर्षं दर मंगळवारी ती माझ्या दारात पुस्तकं आणते, आणि या तालुक्यात माझी सगळी भाषणं शेवटपर्यंत ऐकलेला तो एकमेव जीव आहे. हातातल्या सॉसेजवर मोहरी पिळत तिने अगदी शांतपणे विचारलं, "मग तौनो, तुझी हिरवी गोठ्यात चादरीखाली का रे?"

माणसं हसली. आपल्याकडची माणसं हसतात म्हणजे काय, दोघांनी नाकातून श्वास सोडला, पण मला पुरे झालं. मी घरी गेलो, चादर काढली, आणि क्रमांक एक्केचाळीस लावून हिरवी खाणीत उतरवली. वय सहासष्ट. तिसऱ्या शर्यतीत चौथा आलो. पहिला आला तो दातांचा डॉक्टर. (वळणात आत घुसताना त्याने माझा उजवा दरवाजा चेपला, तुम्ही बसायचात तो. नंतर येऊन माझी एक दाढ फुकट भरून देतो म्हणाला.) मी निश्चिंत होतो. वाटलं, आपली गाडी कोण मागेल? लोकांना लाज असते.

पेटीत एकच चिठ्ठी निघाली. एक्केचाळीस. केर्त्तू व्हान्स्का.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. ही गाडी म्हणजे एक आयुष्य आहे म्हटलं, दोन आयुष्यं आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं, थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली, दालचिनीचा पाव अर्धा मोडून दिला आणि म्हणाली, "तूच शिकवलंस ना बाबा, गाडी माणसाची नसते, शर्यतीची असते. पुस्तकं तीन-तीन आठवडे उशिरा देतोस. ही तरी वेळेवर दे."

मी आयुष्यभर जे वाचलं ते सगळं आठवून पाहिलं. मग किल्ली दिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता येत्या रविवारी केर्त्तू हिरवी त्याच खाणीत पळवणार आहे. ती बाई भित्री नाही. बर्फात पाच हजार पुस्तकं घेऊन डोंगर उतरते. म्हणजे हिरवीचा जो एक दरवाजा धड आहे तोही संध्याकाळपर्यंत राहणार नाही, आणि दोन-तीन रविवारांत ती भंगारात जाईल. नियमाप्रमाणे शर्यतीनंतर हिरवीसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकता येतील. पण मी टाकू शकत नाही, कारण माझं थुंकण्याबद्दलचं वाक्य सगळ्या गावाने ऐकलं आहे आणि दुकानाच्या फळ्यावर कुणीतरी ते लिहूनही ठेवलं आहे. एवढंच कळवायचं होतं. बाकी क्षेम. यंदा जंगलात लिंगनबेरी भरपूर आहे, आक्काला सांगा.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
तौनो राइहा

ता. क. तुम्ही म्हणाल, माझा परवाना केव्हाच संपला. तो संपलेला नाही. आक्का दर जानेवारीत तुमच्या नावाने नवा करून घेते, अकरा वर्षं. मला फोनवर सांगितलं आणि तुम्हाला सांगू नको म्हणाली. मी सांगितलं हे तिला सांगू नका.

ता. क. दोन. किल्ली देण्याआधी हिरवीचा खण रिकामा केला. आत मीच परत ठेवलेली तुमची तळ्यातली वही होती. पाणी पिऊन फुगलेली, पण तुम्ही पेन्सिलने लिहायचात, त्यामुळे अक्षर न् अक्षर शाबूत आहे. ती मी केर्त्तूला दिली नाही. नियमात गाडी द्यावी लागते, वही नाही. त्या वळणाचं पान मी काढून पाहिलं. तिथे लिहिलंय, 'उजवं तीन, पुढे तळं, सोड.' ते पाहायची मला गरज नव्हती, भावोजी. तुम्ही ते त्या दिवशी वेळेवर आणि नीट वाचलं होतं आणि मला स्वच्छ ऐकू आलं होतं. काठावर माणसं उभी होती, बरीच होती. मी वेग सोडला नाही. कंबरभर पाण्यात उभे राहून तुम्ही चष्मा पुसलात आणि एवढंच म्हणालात, "वही भिजली." मग रेडिओवाला आला, आणि मी बोललो. तुम्ही शेजारीच उभे होता. दोन पानं उलटली नव्हती. वरचं पत्र लिहून झाल्यावर दुकानात जाऊन फळ्यावरचं माझं वाक्य पुसलं आणि त्या जागी हे लिहून आलो, खाली सही करून.

ता. क. तीन. रविवारी एक वाजता तिसरी शर्यत संपते. पेटी सॉसेजच्या टपरीशेजारी आहे. या, चिठ्ठीवर एक्केचाळीस लिहा आणि टाका. घरी येताना हिरवी तुम्ही चालवा. मी उजवीकडे, तुमच्या जागेवर बसेन आणि गप्प बसेन.