रक्तात न दिसलेला कंप

शिरूर, १० फेब्रुवारी १९७६

पोस्टमन सखाराम आप्पांचे रक्ताचे रिपोर्ट पुण्याहून माझ्या दवाखान्यात आले. साखर, थायरॉईड, लिव्हर, सगळं ठीक. पण बसल्या जागी उजवा हात थरथरतो आणि चालताना तोच हात पुढे-मागे झुलत नाही. हा हात मी आधी नीट का पाहिला नाही?

"रक्तात काय न्हाई, म्हंजी दारूच," त्यांची बायको म्हणाली. याच संशयानं महिनाभर तिनं आप्पांशी अबोला धरला होता.

"वहिनी, आप्पा पीत नाहीत. हा कंपवात आहे, मेंदूचा आजार, तो रक्तात दिसत नाही. आता नव्या गोळ्या निघाल्यात, हात सुधारेल." मला आज शंका नव्हती.

आप्पांना बाहीचं बटण लागत नव्हतं, ते तिनं लावून दिलं.