तू बटण सोडशील तेव्हा

तीर्थस्वरूप दादा,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार वयाला आहे, स्वभावाला नाही.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, खरं तर ती मला सगळी ठाऊक आहे, कशी ते पुढे येईल. माझे गुडघे कुरकुरतात, शिलाई मशीन कुरकुरत नाही, त्यामुळे दुकान बरं चाललंय. आपण बोललो त्याला परवा अकरा महिने झाले. वहिनी गेल्यावर तू एकटा राहू नकोस, इकडे ये, एवढंच मी फोनवर म्हणत होते, आणि नेमकं त्याच वेळी तू 'मी काय गाठोडं आहे का' असं काहीतरी म्हणत होतास. दोघंही एकदम बोलत असल्याने कुणाचंच कुणाला नीट ऐकू आलं नाही, फोन मात्र दोघांनीही आपटला. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तरी हे पत्र भांडण मिटवायला लिहिलंय असा गैरसमज करून घेऊ नकोस. मला फक्त एका तांत्रिक बाबतीत सल्ला हवा आहे.

तर, मला हॅम रेडिओचं, म्हणजे हवेतून अनोळखी माणसांशी बोलायच्या तुझ्याच नादाचं, लायसन्स मिळालं. हसून झालं असेल तर पुढे वाच. ज्या डब्याला तू मला कधी हात लावू दिला नाहीस (मी फक्त गच्चीवर तारेचं टोक धरून उभं राहायचं), तो तुझा जुना रेडिओ दुकानाच्या माळ्यावर धूळ खात होता. तुझ्यावरच्या रागाने भंगारात द्यायला काढला. भंगारवाला म्हणाला, चालू आहे का ते तरी बघा. खिडकीबाहेर लोंबणारी तुझी तार जोडली, बटण फिरवलं, आणि सकाळी साडेसहा वाजता माझ्या दुकानात तुझा आवाज! काटा तू ठेवून गेलास तिथेच होता, आणि तूही तिथेच होतास. तीस वर्षांत माणसाने एकदा तरी जागा बदलावी की नाही? मी स्टुलावर बसून रडायला लागले. भंगारवाल्याला वाटलं, कुणी गेल्याची बातमी लागली आहे. बिचारा टोपी काढून उभा राहिला.

तेव्हापासून रोज ऐकते. (ऐकायला लायसन्स लागत नाही.) कधी न पाहिलेल्या माणसांशी तू किती गोड बोलतोस रे! 'आपलं पूर्ण होऊ द्या, मग मी बोलतो,' म्हणतोस. हे वाक्य आपल्या घराण्यात आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही. मोतीबिंदू झालाय, पिकला की काढायचाय, हे तू त्यांना सांगितलंस, मला नाही. त्यांच्यातल्या त्या सुताराने (ज्याचा आवाज बाराही महिने सर्दीचा असतो) विचारलं, नंतर डोळ्यात थेंब कोण घालणार? तू म्हणालास, आरशात बघून घालीन. धन्य! मग म्हणालास, एक बहीण आहे, काजं करावीत तर तिनेच, पण ती माझ्यावर रागावली आहे. मी हातातली सुई टाकून ओरडले, 'नाही रे, रागावलेली नाही!' पण नुसत्या ऐकायच्या डब्यात ओरडून काय उपयोग? त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज आणला.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना हाच नाद आहे, त्यांनी शिकवलं. शिकवतात उत्तम, पण समोरच्याने उत्तर द्यायची त्यांना सवयच नाही. तीन महिने मी आ वासून विजेचे नियम ऐकले. पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदा बसले तर हॉलमध्ये सगळी पोरंसोरं, पालकांनी बाहेर थांबावं म्हणून मला दोनदा उठवलं. नियमांच्या पेपरात मात्र पैकीच्या पैकी. अपशब्द वापरायचे नाहीत, आपण कोण ते मधूनमधून सांगायचं, एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचं, आपलं झालं की 'ओव्हर' म्हणून बोलायचं बटण सोडायचं, कारण ते दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं ऐकू येत नाही. हे नियम आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले असते तर आपलं बालपण निम्म्या आवाजात झालं असतं. पुढे चौकशीला पोलीस आला. म्हणाला, बाई, बोलणार कुणाशी? म्हटलं, भावाशी. फोन नाही का? म्हटलं, फोन आहे, भाऊ उचलत नाही. त्याने पेन खाली ठेवलं, 'माझी पण एक आहे' म्हणाला, पेन उचललं आणि सही करून गेला.

मग डॉक्टरांनी आपला जुना बोलायचा सेट दिला, आणि गच्चीवर अँटेना. पुस्तकातली लांबी टेपने मोजली, पण चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेला हात माझा! तार एवढी लांब, तेव्हा दोन्ही टोकांना हातभर माया ठेवली, पुढेमागे वाढवायला लागली तर असावी म्हणून. ती दुमडली आणि वर दोऱ्याने पक्के टाकेही घातले. डॉक्टर यंत्र लावून बघतात तर आकडे भलतीकडेच. म्हणाले, 'बाई, ही तार आहे, वाढत्या मुलाची पँट नव्हे.' टाके उसवून त्यांनी ती इंच-इंच कापली. मला बघवत नव्हतं, पण शेवटी आकडे जुळले.

सरकारने मला हवेत ओळखायला एक नाव दिलंय, पाच अक्षरं, एक आकडा. तुझ्या नावापेक्षा बरं वाजतं. बाकी सर्व क्षेम. पथ्यपाणी सांभाळ.

तुझी (लायसन्सपुरती) आज्ञाधारक,
धाकटी

ता. क. : तांत्रिक प्रश्न राहिलाच. तीन दिवस झाले, रोज सकाळी मी तुला हाक मारते आहे. अँटेनात दोष नाही. तू सेट बंद केल्यावर त्या सुताराने मला उत्तर दिलं, आवाज खणखणीत येतोय म्हणाला. (तुला सांगू नका, अशी मी त्याला शपथ घातली. तो हसला, मग शिंकला.) दोष तुझ्या अंगठ्यात आहे. तू शेवटी विचारतोस, 'आणखी कुणी आहे का?' आणि बटण न सोडता, श्वासही न घेता, स्वतःच सांगतोस, 'कुणी नाही.' तेवढं विचारून झालं की बटण सोड आणि मनात दहा मोज. दादा, कुणीतरी आहे.

आणखी एक ता. क. : मोतीबिंदू पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला काढणार असं तू परवा त्यांना सांगितलंस, तर बारा तारखेला थेंब घालायला मी येते आहे. तुला इकडे आणायला नाही, फक्त थेंबांपुरती, त्यानंतरचं त्यानंतर. नको म्हणायचं असेल तर रविवारी सकाळी रेडिओवर म्हण, माझं नवं नाव घेऊन, सगळ्यांच्या देखत. तिथे तू आजवर कुणाला तोडून बोललेला नाहीस, बघू माझ्यापासून सुरुवात करतोस का. मी मध्ये बोलणार नाही. आणि ये म्हणायचं असेल, तर ते मात्र फोन करून म्हण. ते मला एकटीलाच ऐकायचं आहे.